बेटरहेल्पचा क्लिक: मन हलकं करणाऱ्या जाहिरातीची किंमत

योगवर्ग, आहारसल्ला, केसगळती, समुपदेशन अशा धंद्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती लावणं हे माझं रोजचं काम. त्यात एक प्रश्न दर आठवड्याला ठरलेला असतो. आहारतज्ज्ञ असलेल्या एका ताईंनी तो अगदी नेमका विचारला होता: "माझ्या बहिणीचं कुर्त्यांचं पेज आहे, तिला क्लिक स्वस्तात पडतो. मला तोच क्लिक एवढा महाग का? माझी जाहिरात वाईट आहे का?"

जाहिरात वाईट नव्हती. पण 'तुमचं क्षेत्रच महाग आहे' एवढं सांगून हात झटकणं मला पटत नाही. महाग म्हणजे नक्की काय महाग, आणि पूर्वी ते स्वस्त होतं तर कशाच्या जोरावर, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या एका कंपनीचं प्रकरण नीट बघावं लागतं. कंपनीचं नाव बेटरहेल्प. ऑनलाइन समुपदेशन विकणारी ही बहुधा जगातली सर्वांत मोठी कंपनी. तिच्याबद्दल सरकारी कागदपत्रंही आहेत आणि तिच्या मालक कंपनीचे तिमाही हिशेबही. त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही.

साडेचार दशलक्ष डॉलरची खरेदी

बेटरहेल्प २०१३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. जानेवारी २०१५ मध्ये टेलाडॉक या दूरवैद्यक कंपनीने ती विकत घेतली, ३५ लाख डॉलर रोख आणि १० लाख डॉलरची वचनचिठ्ठी देऊन. शिवाय पुढची तीन वर्षं महसुलातला ठरावीक वाटा मूळ मालकांना मिळायचा होता. अमेरिकी शेअर बाजाराच्या मानाने ही चिल्लर. पुढे २०२२ मध्ये या एका विभागाचा वार्षिक महसूल १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

ही वाढ जाहिरातीतून आली. बेटरहेल्पकडे रुग्ण पाठवणारं हॉस्पिटल नाही, विमा कंपनी नाही, कोपऱ्यावरचा दवाखानाही नाही. माणूस स्क्रीनवर जाहिरात बघतो, दाबतो, प्रश्नावली भरतो, कार्डाने पैसे भरतो आणि समुपदेशकाशी जोडला जातो. २०२३ च्या सुमारास दर आठवड्याला ६० ते ९० डॉलर. फेसबुक, गुगल, यूट्यूब हे तर होतंच, पण पॉडकास्टवर जाहिराती देणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांतही तिचं नाव येतं. टेलाडॉकचा २०२२ चा जाहिरात-विपणन खर्च ६० कोटी डॉलरच्या वर गेला आणि त्यातला मोठा हिस्सा बेटरहेल्पसाठी होता. १०० कोटींच्या महसुलाशेजारी हा आकडा ठेवला की क्लिकचा भाव थोडा जरी हलला तरी या धंद्याला धाप का लागते ते कळतं.

या धंद्यात आणखी एक पेच आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. समुपदेशनाचा उपयोग झाला की माणूस थांबतो. थांबायलाच हवं, त्यासाठीच तो आलेला असतो. उपयोग झाला नाही तरी थांबतो. म्हणजे दोन्हीकडून गिऱ्हाईक जातं आणि तेवढीच जागा भरायला दर महिन्याला नवे क्लिक विकत घ्यावे लागतात. कुर्त्यांच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक दिवाळीला परत येतं. इथे जुनं गिऱ्हाईक परत आलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की त्याला पुन्हा त्रास सुरू झालाय.

क्लिकचा भाव ठरतो कसा

फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा जाहिरातीची जागा लिलावाने विकते. या लिलावात नुसती बोली जिंकत नाही. बोली, बघणारा माणूस हवी ती कृती करेल याचा अंदाज, आणि जाहिरातीचा दर्जा, या तिन्हींची मिळून किंमत ठरते. आपल्याला मात्र शेवटी दिसतो तो साधा भागाकार. समजा हजार वेळा जाहिरात दाखवायला २०० रुपये लागले आणि २० जणांनी दाबली, तर क्लिक १० रुपयांना. त्याच हजारांत पाच जणांनीच दाबली, तर ४० रुपयांना. जागेचं भाडं तेवढंच, दाबणारे कमी.

समुपदेशनाच्या जाहिरातीवर दाबणारे कमीच असतात. ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, घरात सासूबाई शेजारी बसलेल्या असताना 'नैराश्य' हा शब्द असलेल्या जाहिरातीवर बोट ठेवायला माणूस कचरतो. त्यात मेटाचा एक जुना नियम आहे: वाचणाऱ्याला अमुक आजार आहे असं जाहिरातीने सुचवायचं नाही. 'नैराश्यावर समुपदेशन' चालतं. 'नैराश्याने घेरलंय? आजच मदत घ्या' चालत नाही, कारण त्यात समोरच्याच्या मनावर थेट बोट ठेवलेलं असतं. नियम योग्यच आहे, पण त्यामुळे जाहिरातीचे शब्द गुळमुळीत होतात. गुळमुळीत शब्दांना दाबणारे आणखी कमी आणि क्लिक आणखी महाग.

यातून सुटायचा एकच खरा मार्ग असतो. जाहिरात कोणाला दाखवायची हे आधीच अचूक कळलं पाहिजे. हजारांतल्या ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याच समोर ती आली, तर गुळमुळीत शब्दांवरही बोट पडतं.

प्रश्नावली

बेटरहेल्पवर नाव नोंदवताना प्रश्नावली येते. उदास वाटतं का, झोप कशी आहे, जीव नकोसा होतो का, औषधं चालू आहेत का, याआधी कधी समुपदेशन घेतलंय का. त्या पानावर ही माहिती तुमच्यात आणि समुपदेशकात राहील असा दिलासाही होता. रात्री दोन वाजता एकटं बसून कोणीतरी ती भरत असणार. हे मी कल्पनेने लिहितोय, पण माझ्या खात्यांवरच्या अशा फॉर्मांची वेळ बघितली तर मध्यरात्रीनंतर भरलेले खूप दिसतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, मार्च २०२३ मध्ये बेटरहेल्पविरुद्धची तक्रार जाहीर केली. तिच्यानुसार २०१७ आणि २०१८ मध्ये कंपनीने ७० लाखांहून जास्त ईमेल पत्ते फेसबुकवर चढवले. त्यात नुसतं पान बघून गेलेले होते आणि पैसे भरलेलेही होते. फेसबुकने त्यातले ४० लाखांहून जास्त पत्ते आपल्या खातेदारांशी जुळवले. म्हणजे अमक्या खात्याचा मालक मानसिक उपचाराच्या दारात उभा होता ही गोष्ट फेसबुकला कळली. 'याआधी समुपदेशन घेतलंय' हे उत्तरही जाहिरातीसाठी वापरलं गेलं: असं उत्तर देणाऱ्यांसारखे आणखी लोक शोध आणि त्यांना आमची जाहिरात दाखव. स्नॅपचॅट, पिंटरेस्ट आणि क्रिटिओ ही जाहिरात कंपनी यांच्याकडेही माहिती गेली. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे यातून हजारो नवे पैसे भरणारे ग्राहक आणि लक्षावधी डॉलरचा महसूल मिळाला.

जाहिरातीच्या धंद्यात याला लूकअलाइक म्हणतात. मी स्वतः शेकडो वेळा केलंय. मिठाईच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची यादी द्यायची, तशीच माणसं मागायची. मिठाईला ते निरुपद्रवी असतं. पण यादीत असणं हीच गोष्ट जर गुपित असेल तर यादी चढवण्याच्या क्षणी गुपित फुटलेलं असतं. मजकूर चढवा, चढवू नका, ईमेलचं सांकेतिक अक्षरांत रूपांतर करून पाठवा, काही फरक पडत नाही. समोरच्या यंत्राने खातं ओळखावं हाच तर उद्देश असतो.

तक्रारीतल्या एका तपशिलाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. कोणती माहिती फेसबुकला द्यायची हे ठरवायचं काम एका नवख्या विपणन कर्मचाऱ्यावर सोपवलं होतं. नुकतंच कॉलेज संपलेलं, विपणनाचा अनुभव नाही, आरोग्यमाहिती कशी सांभाळायची याचं पुरेसं प्रशिक्षण नाही. आपल्याकडच्या एजन्सींमध्ये हे काम करणारी मुलं-मुली मी ओळखतो. बावीस-तेवीस वर्षांची, हुशार, रात्री अकरापर्यंत बसणारी. त्यांच्यासमोर एकच आकडा असतो, लीडचा खर्च, म्हणजे फॉर्म भरणाऱ्या एका माणसामागे पडणारा खर्च. तो खाली आणा म्हटलं की ती आणतात. कशाच्या बदल्यात, हे त्यांना विचारायला कोणी शिकवलेलंच नसतं.

कंपनीने ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. चूक कबूल केली नाही. ही पद्धत या क्षेत्रात सर्रास होती असं तिचं म्हणणं होतं, आणि ते सर्रास होतं हे खरंच आहे. जुलै २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला आणि जाहिरातीसाठी आरोग्यमाहिती देण्यावर बंदी आली. ऑगस्ट २०१७ ते डिसेंबर २०२० या काळात पैसे भरलेले सुमारे आठ लाख लोक परताव्याला पात्र ठरले. ७८ लाखांना आठ लाखांनी भागा. माणशी दहा डॉलरही होत नाहीत.

भाव चढला तेव्हा

आता तारखा एकापाठोपाठ एक ठेवून बघा. तक्रारीतला काळ २०२० अखेर संपतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर 'या ॲपला तुमचा मागोवा घेऊ द्यायचा का' असं विचारायला सुरुवात केली आणि असंख्य लोकांनी नाही म्हटलं. याचा फटका २०२२ मध्ये १,००० कोटी डॉलरच्या घरात असेल, असं मेटाने स्वतः गुंतवणूकदारांना सांगितलं. १९ जानेवारी २०२२ पासून मेटाने आरोग्यासारख्या संवेदनशील विषयांवरचे तपशीलवार टार्गेटिंगचे, म्हणजे जाहिरात नेमकी कोणाला दाखवायची हे निवडायचे, पर्याय काढायला सुरुवात केली.

आणि २७ एप्रिल २०२२ रोजी टेलाडॉकने तिमाही निकाल सांगितले. मानसिक आरोग्याच्या थेट ग्राहकांना विकायच्या धंद्यात काही माध्यमांतला जाहिरातखर्च वाढलाय, ऑनलाइन थेरपीशी निगडित सर्च-शब्द महागलेत आणि खर्चाच्या मानाने अपेक्षेएवढे ग्राहक येत नाहीत, असं व्यवस्थापनाने मान्य केलं. छोट्या खासगी स्पर्धक कंपन्या परताव्याचा विचार न करता गिऱ्हाईक ओढतायत अशीही तक्रार होती. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. त्याच तिमाहीत ६६० कोटी डॉलरचा गुडविल तोटाही (खरेदीत मोजलेली जादा किंमत आता उरली नाही म्हणून हिशेबात दाखवायचा तोटा) दाखवला होता. तो मात्र मुख्यतः दुसऱ्या एका महागड्या खरेदीचा, जाहिरातीचा नव्हे. ही सरमिसळ अनेक लेखांत होते म्हणून स्पष्ट करतो.

स्पर्धकांची तक्रार खोटी नव्हती. महामारीनंतर या क्षेत्रात गुंतवणूकदारांचा पैसा धो धो आला होता. सेरेब्रल नावाच्या कंपनीला डिसेंबर २०२१ मध्ये ४८० कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर ३० कोटी डॉलर मिळाले होते. असा पैसा हातात असलेला जाहिरातदार लिलावात शिरला की बाकीच्यांचे भाव चढतातच. पुढे मार्च २०२३ मध्ये सेरेब्रलनेच जाहीर केलं की पिक्सेलसारख्या साधनांतून (साईटवर कोण काय करतं हे जाहिरात कंपनीला कळवणारा छोटा कोड) ३१ लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. म्हणजे दोन्ही बाजू त्याच शिदोरीवर चाललेल्या.

इथे एक आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. मेटाचा प्रति जाहिरात सरासरी भाव २०२१ मध्ये २४ टक्के वाढला. पण २०२२ मध्ये तो १६ टक्के घटला आणि २०२३ मध्ये आणखी ९ टक्के. रील्समुळे जाहिरातीच्या जागा भरमसाट वाढल्या होत्या. म्हणजे जागा स्वस्त होत असतानाच बेटरहेल्प महागाईने हैराण होती. म्हणून 'आपल्या क्षेत्राचा सरासरी सीपीसी, म्हणजे एका क्लिकचा खर्च, किती?' असं कोणी विचारलं की मी सरासरी सांगायचं टाळतो. सरासरीत कुर्तीही असते आणि नैराश्यही.

माझं मत असं: बेटरहेल्पची महागाई फक्त बाजाराने आणलेली नव्हती. तिच्यात आधीच्या स्वस्ताईची वसुलीही होती. २०१७ ते २०२० या काळात जो भाव पडत होता तो खरा भाव नव्हताच. त्यातला एक वाटा रुग्ण त्यांच्या गुपितातून भरत होते, त्यांना न विचारता. तो वाटा निघून गेला, त्यात स्पर्धा वाढली, आणि कंपनीला प्रथमच पूर्ण किंमत रोखीत मोजावी लागली. कारणांची टक्केवारी मी मांडू शकत नाही, कोणी मांडली तर माझा विश्वास बसणार नाही. पण क्रम डोळ्यांसमोर आहे.

दिवाळीत हात आखडता

टेलाडॉकच्या हिशेबात एक ठरलेली लय दिसते. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत, थँक्सगिव्हिंग ते नाताळच्या खरेदीच्या धामधुमीत, बेटरहेल्प जाहिरात कमी करते. त्या दिवसांत सगळे दुकानदार लिलावात उतरतात, भाव फुगतो. जाहिरात कमी केल्यामुळे त्याच तिमाहीत तिचा नफा वर्षातला सर्वांत चांगला दिसतो. जानेवारीत भाव उतरला की पुन्हा जोर.

हे मात्र आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांनी डोळे झाकून उचलावं असं आहे. आपल्या भागात नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कपडे, मोबाइल, सोनं, फर्निचर सगळे एकाच फीडवर तुटून पडतात. त्या चार-पाच आठवड्यांत योगवर्गाची जाहिरात ढकलत राहणं म्हणजे लक्ष्मी रोडवर ऐन धनत्रयोदशीला पार्किंग शोधणं. फराळ संपल्यावर, वजनकाट्यावर उभं राहिल्यावर लोक स्वतःच शोधत येतात.

२०२४ आणि पुढे

मेटाचा भाव २०२४ मध्ये पुन्हा १० टक्के चढला. बेटरहेल्पचे दिवस तोवर आणखी बिघडले होते. सोशल मीडियावरच्या जाहिरातींचा परतावा घटतोय हे व्यवस्थापन गुंतवणूकदारांना सांगत होतं. एप्रिल २०२४ मध्ये टेलाडॉकचे मुख्याधिकारी जेसन गोरेव्हिक पायउतार झाले, जूनमध्ये चक डिव्हिटा आले. दुसऱ्या तिमाहीत बेटरहेल्पपोटी ७९ कोटी डॉलरचा गुडविल तोटा मांडावा लागला आणि वर्षाचा अंदाजही मागे घेतला गेला. ४५ लाखांना घेतलेल्या धंद्याचं मूल्य आधी आकाशाला भिडलं आणि मग असं उतरलं.

जानेवारी २०२५ मध्ये मेटाने आणखी एक बोल्ट आवळला. एखादी साईट 'आरोग्य आणि वेलनेस' या वर्गात पडली की तिथून खरेदी, कार्टमध्ये टाकणं अशा शेवटच्या टप्प्यातल्या घटना मेटाला पाठवण्यावर बंधनं आली. याचा परिणाम क्लिकच्या भावावर उलटा दिसतो आणि तिथेच लोक फसतात. यंत्राला आता खरेदी करणारा कोण हे कळत नाही, मग आपण त्याला 'पान उघडणारे दे' असं सांगतो. पान उघडणारे भरपूर मिळतात. क्लिक स्वस्त होतो, रिपोर्ट छान दिसतो. गिऱ्हाईक मात्र महागतं, कारण उघडणारे सगळे नुसते उघडून जातात. स्वस्त क्लिक बघून बजेट दुप्पट करणारे दोन जण मी गेल्या वर्षात बघितले. दोघांनाही थांबवायला उशीर झाला.

बेटरहेल्पने शेवटी रस्ताच बदलला. एप्रिल २०२५ मध्ये टेलाडॉकने अपलिफ्ट नावाची, विम्यातून समुपदेशन देणारी कंपनी ३ कोटी डॉलरला घेतली. विम्यामुळे माणसाच्या खिशाला कमी चाट बसते, म्हणजे प्रश्नावली भरून पैशाच्या पानावरून परत जाणारे कमी होतात. क्लिकचा भाव तोच राहिला तरी क्लिकमागे टिकणारी माणसं वाढावीत, हा हिशेब. मला तो पटतो. दहा वर्षं जो प्रश्न जाहिरात विभागाला विचारला जात होता तो अखेर दर ठरवणाऱ्यांकडे गेला.

ताईंचा फॉर्म

हे सगळं वाचत असताना मला त्या आहारतज्ज्ञ ताईंची साईट आठवली. पिक्सेल मीच बसवला होता. पिक्सेल मेटाला काय पाठवतो ते दाखवणाऱ्या इव्हेंट्स मॅनेजरमधला चाचणीचा टॅब उघडला, दुसऱ्या फोनवर त्यांचा फॉर्म उघडला आणि स्वतः भरला. 'आपली तक्रार काय?' याच्या यादीतून 'पीसीओडी' निवडलं, पाठवा दाबलं. आभाराचं पान आलं आणि त्या पानाच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) तो शब्द होता. काही सेकंदांत माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली: लीड, वेळ, आणि पूर्ण पत्ता, शेवटी पीसीओडी. कोणी ठरवून केलं नव्हतं. ज्याने साईट बांधली त्याला पानं वेगळी ओळखता यावीत म्हणून त्याने तसा पत्ता ठेवला होता. पण एवढे महिने ज्या ज्या बाईने तो फॉर्म भरला, तिची तक्रार तिच्या फेसबुक खात्याजवळ जाऊन बसत होती.

मी ताईंना फोन करून तसंच सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या क्लिनिकमध्ये मी दार लावून हे विचारते."

आपला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात आरोग्यमाहितीसाठी वेगळा वर्ग नाही, मिठाईची यादी आणि पीसीओडीची यादी कायद्याच्या नजरेत एकाच फडताळात. संमती मात्र स्पष्ट आणि विशिष्ट कामापुरती हवी. त्या बायकांनी आहारसल्ल्यासाठी संमती दिली होती, मेटासाठी नाही. आम्ही कायद्याची वाट बघितली नाही.

पत्ता बदलला, यादी काढली, जुन्या फॉर्मवरून केलेला लूकअलाइकही पुसला. लीडचा खर्च चढला, आणि चढणार हे ताईंना आधीच सांगितलं होतं. त्यांनी जाहिरातीचं बजेट वाढवलं नाही, दिवाळीचे पाच आठवडे बंद ठेवलं. फॉर्मवर आता नाव, फोन नंबर आणि 'किती वाजता फोन केलेला चालेल?' एवढंच आहे. त्या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त येणारं उत्तर आहे 'दुपारी, घरी कोणी नसताना'. बाकीचं ताई त्या फोनवर विचारतात.